तपासणीला आलेले पाहुणे

शेठजींनी कोट काढला नाही. उजवी बाही तेवढी कोपरापर्यंत सारली आणि आमच्या तांदळाच्या डब्यात हात घातला.

थेट तळापर्यंत. त्यांची अंगठी डब्याच्या पत्र्याला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. मग हात बाहेर काढून त्यांनी झटकला, बोटांना चिकटलेली कणी रुमालाने पुसली, आणि सोबत आलेल्या कार्यवाहांना म्हणाले, “आधा तर भरला आहे.”

कार्यवाहांनी मान डोलावली.

मी त्या वेळी बी.एस्सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, पण तो टिकवायला फी लागत होती. सरकारी शिष्यवृत्ती होती. ती वर्ष सरता सरता हातात यायची. वडील गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. आत घेतले तर काम, नाही घेतले तर परत घर. म्हणून मी होतकरू विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. संत्र्याचे एक मोठे आडते तिचे अध्यक्ष होते. तेच हे शेठजी. निवृत्त मुख्याध्यापक कार्यवाह होते. मदत देण्यापूर्वी दोघे अर्जदाराच्या घरी जात. अर्जदार खोटा निघू नये म्हणून.

डबा अर्धा का भरलेला होता, हे मला सांगायचे होते. आदल्या दिवशी रेशन निघाले होते. पाहुणे एक दिवस आधी आले असते, तर त्यांची अंगठी रिकाम्या डब्यात वाजली असती. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण मला कोणी विचारले नव्हते. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्याच घरात परवानगीची वाट पाहत होते.

खरी चूक डब्याची नव्हतीच. चूक आमच्या वस्तीची होती.

आमच्याकडे एका घरचा पाहुणा हा साऱ्या गल्लीचा पाहुणा असतो. मुलगी पाहायला कोणी येणार असले, की कोणाकडून सतरंजी येते, कोणाकडून ताटे, कोणाच्या सुनेचे नवे लुगडे. पाहुणा परतला की ज्याचे त्याला जाते. संस्थेची माणसे येणार म्हटल्यावर मायने तेच केले. रेल्वेत असलेल्या शेजाऱ्यांकडून निळ्या फुलांच्या कपबशा आणल्या. रेशन दुकानदाराकडून दोन खुर्च्या. खाटेवर कोणाची तरी कोरी चादर. बुद्धाच्या तसबिरीला ताजी फुले. मला तेव्हाच शंका आली होती.

“माय, ही माणसं आपली गरिबी पाहायला येत आहेत,” मी म्हटले होते.

“येऊ दे ना. पाहुणे त पाहुणे. फुटक्या कपात चहा देऊ का त्याइले?”

आणि आता कार्यवाह त्याच कपांकडे पाहत होते. एक बशी त्यांनी उलटी करून तळाचा छापही वाचला.

“कपबशा नव्या दिसतात.”

माय हसली. तिला ती स्तुती वाटली. “घ्या ना जी, थंडा होऊन राहिला चहा.”

“चहा नको,” शेठजी म्हणाले. “आम्ही कोणाकडे घेत नाही.”

हे ‘कोणाकडे’ कोणाकोणाकडे, ते मला माहीत होते. मायलाही माहीत होते. तिने कप थोडे मागे सरकवले.

“बाई, तुम्ही काम काय करता?” कार्यवाहांनी विचारले.

“हंगामात संत्र्याच्या पेट्या भरायचं काम हाय जी.”

“कोणाकडे?”

मायने आधी माझ्याकडे पाहिले. मग खाली. “तुमच्या शेठजीकडेच. त्याइच्याच आडतीवर.”

शेठजींनी प्रथमच मायकडे मान वर करून पाहिले. मी जन्मायच्या आधीपासून ती त्यांच्या पेट्यांत तणस अंथरत होती, फळ निवडत होती, डागी फळ बाजूला काढत होती. ते गादीवर बसत, ती पंधरा पावलांवर उकिडवी बसे. त्यांनी तिला ओळखले नव्हते. मला वाटले, आता त्यांना थोडे तरी अवघडल्यासारखे होईल.

शेठजी कार्यवाहांकडे वळले. “म्हणजे घरात दोन कमाई आहे.”

जाताना त्यांनी तसबिरीकडे बोट केले. “धर्म बदलला तुम्ही लोकांनी. मागायला मात्र इकडेच येता.” हे ते हसत म्हणाले. अशी वाक्ये हसतच म्हणायची असतात, म्हणजे समोरच्याला चिडताही येत नाही.

ते गेल्यावर मायने न प्यालेला चहा पातेल्यात परत ओतला, कपबशा राखेने घासल्या आणि पदराखाली धरून शेजारी परत करायला गेली. मी खाटेवर बसले. त्या कोऱ्या चादरीवर बसायला मला भीती वाटत होती. ती आमची नव्हती.

मदत मंजूर झाली. अर्धी. कार्यवाहांनी शेरा वाचून दाखवला: “गरजू, परंतु राहणी बऱ्यापैकी.”

ती मदत घेण्यासाठी दर महिन्याला संस्थेच्या व्हरांड्यात रांगेत उभे राहावे लागे. चपला बाहेर. पुस्तके छातीशी. कार्यवाह प्रत्येकाला वरून खालपर्यंत पाहत. एकदा माझ्या हातात फाउंटन पेन दिसले. “हे कधी घेतलंत?” कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेचे बक्षीस होते. तसे सांगितले. त्यांचा विश्वास बसला की नाही, कळले नाही. त्यानंतर रांगेत जाताना मी पेन दप्तराच्या तळाशी ठेवू लागले. खरे असूनही लपवायचे. हे मी शिकले. संस्थेकडून शिकलेली ती माझी पहिली गोष्ट.

माझ्या वर्गात माधुरी नावाची मुलगी होती. स्वभावाने चांगली. डब्यातले लिंबाचे लोणचे ती मला न विचारता वाढायची. एके दिवशी सहज बोलता बोलता म्हणाली, तिलाही त्याच संस्थेची मदत आहे. पूर्ण.

“तुझ्या घरी तपासणीला कोण आलं होतं?” मी विचारले.

“आमच्याकडे? कोणी नाही गं. कार्यवाहकाका ओळखतात ना बाबांना.”

माधुरीचे घर दुमजली होते. मी तिच्याकडे अभ्यासाला गेले होते. तिच्या अंगणात स्कूटर उभी असे.

प्रयोगशाळेत आम्ही कोणताही द्राव तपासण्याआधी एक वाचन घेतो. त्यात तपासायचा पदार्थच नसतो. बाकी सारे तेच, तीच बाटली, तोच अभिकारक, तोच हात. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. ते घेतले नाही, तर पुढचे सारे आकडे निरर्थक. कारण दोष पदार्थात आहे की तपासणाऱ्याच्या साधनात, हे सांगताच येत नाही. मी त्या दुपारी ब्युरेट हातात धरून उभी होते आणि मला स्वच्छ दिसले. संस्थेने ब्लँक कधी घेतलेच नव्हते. ओळखीच्या एकाही घरातल्या डब्यात कोणी हात घातला नव्हता. आम्ही खोटे बोलतो, हा त्यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. तो त्यांनी घरूनच सोबत आणला होता.

तरीही मी रांगेत जात राहिले. फी भरायची होती.

दुसऱ्या वर्षाच्या आरंभी शेठजींनी मला आत बोलावले. खुर्ची दिली. हे नवीन होते, म्हणून मी सावध झाले.

“बेटी, तू हुशार आहेस. तुझी मदत पूर्ण करून टाकू. एक काम कर. वस्तीवाल्यांचे अर्ज आले, की कार्यवाहांसोबत तपासणीला जात जा. तुमच्या लोकांचं नाटक आम्हाले नाही समजत. तुलेच समजणार.”

मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. परीक्षेची फी माझ्या आवाक्याबाहेर होती, ही एक गोष्ट. दुसरी, मी नसले तरी तपासणी होणारच होती. मी असले, तर निदान रेशनचा दिवस कोणता एवढे तरी कोणाला माहीत असेल. मी म्हटले, एकदा जाऊन पाहते.

घरी सांगितले. माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“जाऊन राहिली त जा. पण कोणाच्या डब्यात हात नको घालू, बाई.”

आम्ही गेलो ते घर शेवंताबाईंचे होते. आमच्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. विधवा बाई. कुंदा नावाची एकच मुलगी. कुंदा चांगल्या गुणांनी मॅट्रिक झाली होती आणि तिला विज्ञान शाखेत जायचे होते. शेवंताबाई मला नावाने ओळखत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी मला “या मॅडम” म्हटले. माझ्याहून दुप्पट वयाच्या बाईने.

घर रिकामे होते. खाट नाही. ताटे नाहीत. चहा विचारला नाही. जर्मनच्या तांब्यात पाणी आणून ठेवले. कुंदा कोपऱ्यात उभी. तिच्या अंगावरचा फ्रॉक शिवणीवर फाटलेला. कार्यवाह समाधानाने सारे पाहत होते.

मी जमिनीकडे पाहिले. माझी सवयच तशी. जमीन ताजी सारवलेली होती, फक्त खिडकीजवळचा एक चौकोन वगळून. तो चौकोन कोरडा, जुना, कडांशी चार खोल ठसे. लोखंडी पायांचे. खिडकीतला उजेड नेमका तिथे पडत होता. शेवंताबाईंच्या पदराला निळा दोरा चिकटलेला होता. फ्रॉकची शिवण फाटलेली नव्हती. उसवलेली होती, अगदी सरळ, ब्लेडने.

शिलाई मशीन. काल-परवापर्यंत इथे होते. कोणाच्या तरी घरी गोधडीखाली झाकून ठेवलेले असणार.

मी मान वर केली. शेवंताबाई माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांना कळले होते, की मला कळले.

मला राग आला, हे खरे. आधी त्यांचा आला. बाई खोटे बोलत होती आणि त्यासाठी मुलीचा धड फ्रॉक उसवला होता. मग मला आमच्या घरातल्या निळ्या फुलांच्या कपबशा आठवल्या. त्या कपबशांनी माझी अर्धी मदत घालवली, ही बातमी वस्तीत पोचल्यावाचून राहिली नव्हती. लोकांनी त्यातून अर्थ काढला होता. जी वस्ती पाहुणा येणार म्हणून शेजाऱ्याची ताटे आणून घर भरायची, ती आता पाहुणा येणार म्हणून स्वतःची ताटे शेजाऱ्याकडे लपवत होती. कपबशा मागायला जायचे तेच दार, आता मशीन ठेवायला ठोठावायचे. हे नाटक होते, यात शंका नाही. पण त्याचे लिखाण आमच्या वस्तीत झाले नव्हते.

बाहेर आल्यावर कार्यवाहांनी छत्री उघडली. “काय वाटतं? खरी गरज आहे?”

मी चालत राहिले.

“काही पाहिलंत का तुम्ही?”

“पाहिलं.”

“काय?”

“ते सांगणार नाही.”

ते थांबले. मग मला थेट शेठजींच्या आडतीवर घेऊन गेले. हंगाम नव्हता. रिकाम्या पेट्यांच्या उतरंडी उभ्या होत्या. माय ज्या जागेवर बसायची, ती जागा मला ठाऊक होती. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले.

“काय बेटी? काय पाहिलं ते का नाही सांगत?” शेठजी म्हणाले.

“शेठजी, माधुरीच्या घरी तुम्ही काय पाहिलं होतं?”

“कोण माधुरी?”

कार्यवाह खाकरले. “ते घर आपल्या माहितीतलं आहे.”

“आमचं घरही माहितीतलंच होतं,” मी म्हटले. “माझी माय इथे बसते. इथेच, मी उभी आहे तिथे. मी जन्मायच्या आधीपासून. तरी तुम्ही आमच्या डब्यात हात घातला. माधुरीच्या स्वयंपाकघरात तुम्ही गेला होतात?”

“वा!” शेठजी खरोखर चकित झाले होते. “देऊन आम्ही राहिलो, आणि हिसाब तू मागून राहिली?”

“हो.”

“तुम्हाला परीक्षेची फी भरायची आहे,” कार्यवाह शांतपणे म्हणाले. शाळेत ते असेच बोलत असतील. “याचा अर्थ कळतो आहे ना?”

“कळतो.”

“मग त्या बाईला द्यायचं की नाही, तेवढं सांगा आणि विषय संपवा.”

माझा आवाज थरथरला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

“द्या किंवा देऊ नका. पैसे तुमचे आहेत. पण कोणाच्या घरात मी तपासणीला जाणार नाही. आणि माझ्या घरात तुम्ही पुन्हा येणार नाही.”

“जय भीम करा आता,” शेठजी हसत म्हणाले.

“जय भीम,” मी म्हटले, आणि निघाले.

त्यानंतरचे वर्णन थोडक्यात करते. फी भरली गेली नाही. ती परीक्षा मी दिली नाही. संत्र्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा मुकादमाने मायला फाटकातूनच परत पाठवले. ती दुसऱ्या आडतीवर गेली, कमी मजुरीवर. मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती, तर बरे झाले असते.

बोलायला आल्या त्या शेवंताबाई. कुंदाचा अर्ज फेटाळला गेला होता. त्या आमच्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

“मशीन पाह्यली होती तू?”

“मशीनची जागा पाहिली, मावशी.”

“नाही सांगतलं, ते चांगलं केलं. पण ‘गरीब हाय’ एवढं बोलाले काय जात होतं वं तुह्यं? एका शब्दाचं काम होतं. तुह्या मानापायी माही पोर घरी बसली.”

“मी हो म्हटलं असतं, तर पुढच्या घरी पुन्हा मलाच नेलं असतं.”

“नेलं असतं त जाचं होतं! साऱ्याइले हो म्हणत जाचं होतं! शिकली काहून मंग तू?”

माय मधे पडली. “जाऊ दे ना शेवंता. तिचंबी वर्ष गेलंच ना.”

“तिचं तिनं घालवलं. माह्या पोरीचं कोणं घालवलं?”

त्या निघून गेल्या. मी तो प्रश्न टाळला नाही. पुष्कळ दिवस तो मांडून, फिरवून, तपासून पाहिला. शेवंताबाईंचा हिशेब चुकीचा नव्हता. मी आत राहून सगळ्यांना हो म्हटले असते, तर काही मुलींची फी भरली गेली असती. पण मग माझ्या ‘हो’ला किंमत आली असती. आज कार्यवाहांसमोर उसवलेला फ्रॉक उद्या माझ्यासमोर उसवला असता. मी दिसताच वस्तीत मशीन हलले असते, ताटे हलली असती, आणि माझ्या मायच्या वयाच्या बायांनी मला “या मॅडम” म्हटले असते. शेठजींना तपासणीसाठी स्वतःच्या जागी बसवायला एक माणूस हवा होता. आमच्यातला. तो त्यांना मिळाला नाही. त्याची किंमत माझ्यासोबत कुंदानेही दिली. मी तिला विचारले नव्हते. हे मी कुठेही मऊ करून लिहिणार नाही.

पुढे मी खाजगी शिकवण्या करून ती परीक्षा दिली. आता एका सरकारी प्रयोगशाळेत कामाला आहे. नागपूरसारख्या शहरात पगारी बाई ओळखू येते. हातात पर्स, पायात चामड्याची चप्पल. सीताबर्डीला बसची वाट पाहत उभी राहिले, की कोणी ना कोणी येतो. काटोलला जायला भाडे नाही. पाकीट मारले. पोरगं दवाखान्यात आहे. मला प्रत्येकाचा संशय येतो. माझे शिक्षणच संशयाचे आहे. बोलण्यातला जोड कुठे लागत नाही, हे मला पहिल्या वाक्यात कळते.

मागच्या महिन्यात एक बाई आली. नवरा मोठ्या दवाखान्यात, औषध बाहेरून आणायला सांगितले आहे, म्हणाली. मी काही विचारण्याआधीच तिने चोळीतून घामाने ओला झालेला कागद काढला आणि माझ्या नाकासमोर उलगडू लागली.

“पाहा ना बाई. शिक्का हाय दवाखान्याचा.”

“कागद आत ठेवा.”

“पाहा तरी. खोटं वाटून राहिलं का तुम्हाले?”

“असेलही खोटं,” मी म्हटले, आणि पर्स उघडून द्यायचे तेवढे दिले.

तिने पैसे घेतले, पण ती हलेना. एका हातात नोटा, दुसऱ्या हातात तसाच उघडा कागद. आता ती माझ्याकडे संशयाने पाहत होती. तपासल्याशिवाय दिलेला पैसा तिने कधी पाहिलेला नसावा.

“मंग काहून देऊन राहिल्या?”

माझी बस आली. मी चढले.

ती खरी होती की खोटी, मला माहीत नाही. मी शोधणार नाही. माझा संशय हा माझा आहे. तो मी बाळगीन, त्याची झडती मागणाऱ्याच्या घरात घेणार नाही. ज्या दिवशी द्यायचे नसेल, त्या दिवशी तोंडावर ‘नाही’ म्हणेन. तो नकार माझा असेल, त्याला त्यांच्या डब्याचा किंवा कपाचा दाखला जोडणार नाही. आणि उद्या मदतीचे नाव घेऊन कोणी आमच्या वस्तीत तपासणीला आला, तर मी त्याला गल्लीच्या तोंडाशी अडवीन. आधी कोणाकोणाची घरे पाहून आलात, असे विचारीन. उत्तर मिळेपर्यंत त्याला आत पाऊल टाकू देणार नाही.